काटा खरा हवा

वाचक विचारतात : घरातलं कॉकपिट

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलला. पूर्वी लोक विचारायचे, ‘फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे व्हिडिओ गेमच ना?’ आता थेट ‘अल्टीमीटरला (उंची दाखवणाऱ्या गेजला) कुठली मोटार लावू?’ इथपर्यंत मजल गेलीय. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच : गिरणीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. बॉयलरचे प्रेशर गेज उतरवायचे, डेड वेट टेस्टरवर (वजनं ठेवून दाब तपासायच्या यंत्रावर) लावायचे आणि काटा खोटं बोलत असेल तर त्याला वळणावर आणायचं, यातच नोकरी गेली. उत्तरांतही तीच खोड दिसेल. चकचकीत वस्तूंची यादी हवी असणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं.

प्रश्न : सर, माझ्याकडे मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर आहे. मित्रांकडून मिळतील तितके अ‍ॅड-ऑन टाकत गेलो : विमानं, लिव्हरी (विमानांची रंगसंगती), विमानतळ, हवामान. आता सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन होतो, मधेच बंद पडतो, आणि सोलापूर विमानतळावर दोन इमारती एकमेकींत घुसलेल्या दिसतात. सगळं पुसून पुन्हा टाकू का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : पुसू नकोस, हलव. बाहेरचे सगळे अ‍ॅड-ऑन ‘कम्युनिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात आणि सिम्युलेटर सुरू होताना ते एकेक करून वाचतो. फोल्डर सापडत नसेल तर ‘यूजरसीएफजी डॉट ऑप्ट’ या फाइलची शेवटची ओळ बघ, पत्ता तिथे लिहिलेला असतो. दुसऱ्या ड्राइव्हवर ‘गोदाम’ म्हणून फोल्डर कर आणि कम्युनिटीतलं सगळं तिकडे ने. रिकाम्या फोल्डरवर सिम्युलेटर नीट चालला म्हणजे खोट अ‍ॅड-ऑनमध्येच आहे. मग निम्मे परत आण. चालला तर चोर गोदामात राहिलेल्या निम्म्यांत, अडला तर आणलेल्यांत. ज्या ढिगात चोर आहे त्याचे पुन्हा दोन भाग. साठ अ‍ॅड-ऑन असले तरी सहा फेऱ्यांत तो हाती लागतो. एकेक काढून बघत बसलास तर दिवाळीची सुट्टी त्यातच जाईल.

घुसलेल्या इमारतींचं कारण सोपं आहे : एकाच विमानतळाचे दोन अ‍ॅड-ऑन पडलेत. एक ठेव. (एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांकडे हेच भांडण ‘सीनरी पॅक्स’च्या आयएनआय फाइलमधल्या क्रमावर मिटतं. वर असेल त्याचं चालतं.) सिम्युलेटरचा मोठा अपडेट यायच्या आधीही फोल्डर रिकामं करायची सवय लाव.

आणि ‘मित्रांकडून मिळतील तितके’ यात विकतचेही फुकट आले असतील तर ते आधी काढ. नीतीचं तुझे वडील बघतील. मी मेकॅनिक म्हणून सांगतो : त्यांना अपडेट मिळत नाहीत, आणि इन्स्टॉलरच्या पोटात काय दडलंय ते देणाऱ्या मित्रालाही ठाऊक नसतं. फ्लायबायवायर या गटाचं एअरबस ए-३२० निओ उघडपणे मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि त्यातल्या बटणांमागे खऱ्या यंत्रणा चालतात. ते एकच विमान शिकायला सहा महिने पुरणार नाहीत.

प्रश्न : होटगी रोडच्या धावपट्टीवर विमान उभं आहे, तरी अल्टीमीटर शून्य दाखवत नाही. कधी १६०० फूट, कधी १८००. गेजचा अ‍ॅड-ऑन बिघडला आहे का? दुसरं, साखर कारखान्याची चिमणी माझ्या सिम्युलेटरमध्ये दिसेल का?
— एक वाचक, आसरा चौक

उत्तर : गेज ठणठणीत आहे. अल्टीमीटर जमिनीपासूनची उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि आपण दिलेल्या दाबापासून हिशेब करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० फुटांवर आहे, म्हणजे उभ्या विमानात १६०० दिसले तर काटा खरं बोलतोय. १८०० दिसतात तेव्हा अल्टीमीटरच्या छोट्या खिडकीत १०१३ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब राहिलेला असतो आणि बाहेरचा दाब त्याहून कमी असतो. पावसाळ्यात आपल्याकडे तो १००५ वगैरे उतरतो. एका हेक्टोपास्कलला ढोबळमानाने ३० फूट धरा. आठचा फरक म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे फूट. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘बी’ कळ दाबली की दाब आपोआप लागतो, पण खुंटी फिरवून लावायची सवय बरी.

सोलापूरकरांनी आणखी एक गंमत करून बघावी. सिम्युलेटरचं तापमान ४२ अंशांवर न्या, मे महिन्यातली दुपार. एवढ्या उष्ण हवेत विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला आपली धावपट्टी सुमारे ५२०० फुटांवर असल्यासारखी वागते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. हिशेब असा : १६०० फुटांवर प्रमाण तापमान साधारण १२ अंश, आपलं त्याहून ३० ने जास्त, आणि दर अंशाला १२० फूट धरायचे. चार माणसं आणि पूर्ण इंधन घेतलेली सेसना १७२ मग धावपट्टी खात जाते आणि वर चढताना कुंथते. त्या वेळी व्हर्टिकल स्पीडच्या, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या वेगाच्या काट्याकडे बघा. थंडीत सकाळी सातला तेच विमान उडवा आणि पुन्हा बघा.

चिमणीचं म्हणाल तर विमानांना अडथळा म्हणून खरी चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. सिम्युलेटरमध्ये खाली जमिनीचं जे चित्र दिसतं ते उपग्रह-छायाचित्रांवरून आलेलं असतं, आणि ते ज्या तारखेचं तेवढंच खरं. उभी वस्तू हवी असेल तर स्वतः बसवता येते. एक्स-प्लेनसोबत वापरायचा ‘वर्ल्ड एडिटर’ मोफत मिळतो, मायक्रोसॉफ्टच्यात डेव्हलपर मोड चालू केला की सीनरी एडिटर येतो. खरी चिमणी पाडावी की नको यावर गावात जो वाद झाला तो इथे पुन्हा नको. उतरण्याचा सराव म्हणून चिमणी ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे उडून बघा, एवढंच सांगतो.

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरवर एफएसएक्स आहे, त्याच्यावर माझा जीव आहे. त्यात स्वतःचं इंधनाचं गेज घालायचंय. फाइल टाकली, पण पॅनेलवर दिसतच नाही.
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, रेल्वे लाइन्स

उत्तर : मायक्रोसॉफ्टचा २००६ चा तो सिम्युलेटर अजून चालवताय, शाबास. गेजची फाइल ‘गेजेस’ फोल्डरमध्ये नुसती टाकून भागत नाही. विमानाच्या पॅनेल फोल्डरमध्ये ‘पॅनेल डॉट सीएफजी’ आहे, तिच्यात ओळ वाढवावी लागते. आधी त्या फाइलची प्रत काढून ठेवा. ओळीत पहिल्यांदा गेजच्या फाइलचं नाव, मग उद्गारचिन्ह, मग आतल्या गेजचं नाव, आणि पुढे स्वल्पविराम देऊन चार आकडे : डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. गेज दिसत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे ओळीचा क्रमांक. वर ‘गेज१४’ आधीच असेल आणि तुम्हीही १४ च लिहिला, तर दोघांतलं एक गायब होतं. दुसरं कारण : पहिल्यांदा ‘या मॉड्यूलवर विश्वास ठेवायचा का’ असं विचारतो तेव्हा घाईत ‘नाही’ दाबलेलं असतं.

नव्या सिम्युलेटरवर जायचा विचार असेल तर जपून. सी भाषेत केलेले जुने ‘गाऊ’ गेज ३२ बिटचे आहेत, ६४ बिटच्या सिम्युलेटरवर ते उघडणारच नाहीत. एक्सएमएलमध्ये लिहिलेले असतील तर थोडी आशा आहे.

प्रश्न : मी एमआयडीसीत यंत्रमागांचं फिटिंग करतो. मुलाला सेसना १७२ चं पॅनेल करून द्यायचंय. स्क्रीनवरचं नको, खरे काटे फिरणारं. हाताला सवय लोखंडाची, इलेक्ट्रॉनिक्सची नाही. जमेल काय? कुठून धरू?
— एक फिटर, अक्कलकोट रोड

उत्तर : जमेल, आणि बिनधास्त धरा. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये वैमानिकांना जमिनीवर शिकवायचं यंत्र बनवलं. घरचा धंदा पियानो आणि ऑर्गन बनवायचा. कारखान्यातले भाते त्याने विमानाच्या डब्याखाली लावले आणि डबा डोलायला लागला. तोही तुमच्यासारखा हातानं काम करणाराच होता.

सहाही गेज एकदम अंगावर घेऊ नका. वेगाचं एक करा, एअरस्पीड. हाताशी आर्डुइनो मेगा नावाचा बोर्ड आणि मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर लागेल. बोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचा, मोबीफ्लाइट सिम्युलेटरमधला वेग वाचून मोटारीला सांगतो. प्रोग्रॅम लिहावा लागत नाही, सगळं खिडक्यांमधून निवडायचं असतं.

आता मोटार. लोक आधी एसजी-९० सर्व्हो घेतात, कारण स्वस्त आणि कुठेही मिळते. ती १८० अंशच फिरते आणि काटा एका जागी उभा असतानाही चरचरत राहते. गेजमध्ये तो आवाज डोकं उठवतो. त्यापेक्षा एक्स-२७ जातीची छोटी स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटार घ्या. गाड्यांच्या डॅशबोर्डात काटे फिरवतात तीच ही. ३१५ अंश फिरते, आवाज नाही, आणि करंट इतका कमी की बोर्डाच्या पिनांवर थेट चालते. तिच्या आत दोन्ही टोकांना अडथळा असतो. सुरू होताना ती मागे जाऊन अडथळ्याला टेकते आणि तिथून शून्य धरते.

डायल कॉम्प्युटरवर काढून मॅट फोटो पेपरवर छापा. चकचकीत पेपर घेतला तर ट्यूबलाइट त्यात दिसते. सेसना १७२ एस घेत असाल तर पांढरा पट्टा ८५ नॉटला (नॉट म्हणजे विमानाचा वेग मोजायचं एकक) संपतो, हिरवा १२९ ला, पिवळा १६३ ला, आणि तिथे लाल रेघ. काटा पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा. मागच्या बाजूला थोडं शेपूट ठेवा म्हणजे वजन सारखं राहतं. बोटावर आडवा तोलून बघा. एका बाजूला झुकणारा काटा मोटारीवर चढवू नका, वर जाताना एक आणि खाली येताना दुसराच आकडा दाखवेल. टोकाला पांढरी नेलपॉलिश पुरते. वरची काच घड्याळजीकडे मागा. भिंतीवरच्या घड्याळांच्या गोल काचा त्याच्याकडे पडून असतात.

मग खरं काम. विमानावर समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एअरस्पीडच्या डायलवर आकडे सारख्या अंतरावर नसतात. मोटारीला ‘शून्य इथे, दोनशे तिथे’ एवढंच सांगितलं तर मधले सगळे आकडे खोटे. मोबीफ्लाइटमध्ये इंटरपोलेशन (मधले आकडे काढणं) म्हणून सोय आहे, तिथे तक्ता भरा : ४० नॉटला काटा किती पावलं गेला, ६० ला किती, ८५, १००, १२९, १६३. प्रत्येक आकड्यावर काटा एकदा खालून चढवत आणा, एकदा वरून उतरवत. दोन्हींत फरक पडला तर काटा ढिला आहे किंवा कुठेतरी घासतोय, ते आधी सुधारा. आम्ही बॉयलरच्या गेजला हेच करायचो, आणि काचेवर बोटाने हलकी टिचकी मारून काटा उडतो का तेही बघायचो. तुम्हीही मारा.

एअरस्पीड खरं झालं की व्हर्टिकल स्पीड त्याच मोटारीवर निघतं. अल्टीमीटरला मात्र ती चालत नाही, कारण त्याचा मोठा काटा हजार फुटांना एक फेरी याप्रमाणे गोल गोल फिरत राहतो आणि एक्स-२७ अडथळ्याला जाऊन थांबते. तिथे २८बीवायजे-४८ ही गिअरची स्टेपर घ्या, यूएलएन-२००३ च्या ड्रायव्हर बोर्डासह. एका फेरीला २०४८ पावलं. मिनिटाला पंधरा फेऱ्यांच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे मिनिटाला पंधरा हजार फूट. सेसना तेवढ्या वेगाने फक्त पडताना खाली येईल. लहान काट्याला दहास एक असं गिअर तुम्हालाच करायचंय. यंत्रमागाचे गिअर बसवणाऱ्याला मी ते काय शिकवणार? या मोटारीला अडथळा नसतो, म्हणून शून्य ओळखायला एक छोटा सेन्सर लावा, नाहीतर रोज सकाळी काटा हाताने जुळवत बसाल.

अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर, ज्यात क्षितिज डोलतं, तो यांत्रिक करायच्या फंदात सध्या पडू नका. जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर पॅनेलमागे ठेवा आणि गोल भोकातून दाखवा. त्यासाठी एअर मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर आहे, विकतचं आहे, पैसे वसूल होतात.

पॅनेलचा पत्रा तुम्ही कापालच. पण रात्री अक्षरं उजळावीत असं वाटत असेल तर ३ मिलिमीटर जाडीचं दुधी अ‍ॅक्रिलिक घ्या, वरून मॅट काळा स्प्रे मारा आणि नेमप्लेट-ट्रॉफीवाल्याकडे लेसरखाली द्या. लेसर काळा रंग जाळून अक्षर काढतो, मागे एलईडी लावली की अक्षर पेटतं. विमानातल्या मोठ्या गेजचं भोक सव्वातीन इंचांहून किंचित लहान, ३ पूर्णांक १ अष्टमांश इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर असतं. फाइल मिलिमीटरमध्येच न्या. सनबोर्ड मात्र लेसरवर देऊ नका. ते पीव्हीसी आहे, जळताना विषारी वायू सोडतं आणि त्या माणसाचं मशीनही गंजतं. सनबोर्ड कटरनेच कापायचं.

एक्स-२७ सोडून बाकी, ड्रायव्हर बोर्डावरच्या मोटारींना वीज बोर्डातून नको, वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या. सप्लायची आणि बोर्डाची ग्राउंड वायर मात्र एकमेकांना जोडायची. ती राहिली तर काटे भूत लागल्यासारखे थरथरतात, आणि लोक मोटार बदलत बसतात.

प्रश्न : बजेट एकाच वस्तूचं आहे. योक (विमानाचं हँडल) घेऊ, रडर पेडल (शेपटीचं सुकाणू फिरवणारे पायडल) घेऊ की तयार इन्स्ट्रुमेंट पॅनेल?
— बँक कर्मचारी, सात रस्ता

उत्तर : जॉयस्टिक आधीच असेल तर पेडल. वाऱ्यात उतरताना पाय लागतात, आणि जॉयस्टिक पिळून रडर मारायची सवय नंतर सुटत नाही. ज्यांच्याकडे वेबकॅम आहे त्यांनी त्याही आधी ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर टाकावं. मान वळवली की दृश्य वळतं. तयार पॅनेल सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. रोज रात्री तीन-चार तास विमान उडवतो, पायलट होणार म्हणतो. आता नवीन स्क्रीन आणि खुर्ची मागतोय. याचा पुढे खरंच उपयोग होतो का?
— एक आई, विजापूर रोड

उत्तर : ताई, कागदोपत्री उपयोग शून्य. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे २०० तासांचं उड्डाण लागतं. मान्यताप्राप्त ट्रेनिंग सिम्युलेटरचे काही तास नियमांनुसार धरतात, घरच्याचं एक मिनिटही नाही. लागतं ते बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, आणि तंदुरुस्ती. स्क्रीनच्या पैशांत आधी त्याची क्लास टू मेडिकल करून घ्या. डोळ्यांचं, कानाचं काही निघालं तर आत्ताच कळलेलं बरं. लाखो रुपये भरल्यावर कळण्यात अर्थ नाही.

बाकी फायदा आहे. चेकलिस्टची शिस्त लागते, गेजांवरून नजर ठरावीक क्रमाने फिरवायची सवय होते, रेडिओवरची भाषा कानावर पडते. तोटाही आहे : अशी मुलं खऱ्या विमानात बसली की डोळे काट्यांवरच खिळवतात आणि शिकवणारा ‘बाहेर बघ’ म्हणून ओरडतो. म्हणून त्याला आठवड्यातून एक दिवस सगळी गेज झाकून, फक्त खिडकीबाहेर बघून, सोलापूरला चक्कर मारून उतरायला सांगा. जमलं तर स्क्रीनचा विचार करा. खुर्ची जेवणाच्या टेबलाचीच ठेवा. सेसनाची सीट त्याहून फार सुखाची नसते.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी कॉम्प्युटर गरम होऊन अडखळतो, त्यात लाइट जाते. काय करू?
— एक वाचक, बाळे

उत्तर : कूलर असलेल्या खोलीत कॉम्प्युटर ठेवू नका, दमट हवा आणि धूळ मिळून आत चिखल होतो. फॅन महिन्याला साफ करा, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० वर बांधून टाका, ग्राफिक्स कार्डाचा घाम निम्मा होईल. यूपीएस सिम्युलेटर सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता पुरेसा आहे. लाइट गेल्यावर त्याच्यावर गोव्यापर्यंत जायचा हट्ट नको.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. बाबांचा जुना लॅपटॉप आहे, पैसे नाहीत. मला वेगळी गेज पाहिजेत. होईल का?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : होईल की. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर पूर्ण मोफत आहे, १९९० च्या दशकापासून जगभरचे लोक मिळून बनवतायत. त्यात स्वतःचा छोटा वेब सर्व्हर आहे. सुरू करताना ‘एचटीटीपीडी’ हा पर्याय दे आणि पुढे ८०८० लिही. मग घरातला एखादा जुना मोबाइल त्याच वायफायवर घे, त्याच्या ब्राउजरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि ८०८० टाक. विमानाची माहिती आणि नकाशा मोबाइलवर येतो. मोबाइलची काच फुटलेली असली तरी चालते, पुठ्ठ्याला गोल भोकं पाडून वर लावली की फुटकी बाजू झाकली जाते. पुठ्ठा जाड घे, बूटांच्या खोक्याचा वाकतो. आणि लॅपटॉप फार हळू चालला तर ढग आणि झाडं बंद कर, आधी ढग.